पाण्यानं कोरलेलं, पाण्याला पारखं

अमेरिकेत मुलांकडे जाऊन आलेल्या आई-वडिलांच्या अल्बममध्ये ग्रँड कॅन्यनचा एक फोटो हमखास असतो. लोखंडी कठडा, मागे तांबूस-जांभळ्या कड्यांच्या रांगा, वाऱ्यावर उडणारी ओढणी. लास वेगासहून पहाटे निघालेली बस दुपारी काठावर पोचते आणि दोन-तीन तासांत परत फिरते. पुष्कळदा ती राष्ट्रीय उद्यानात जातही नाही. काचेच्या तळाचा प्रसिद्ध 'स्कायवॉक' हुआलापाई या मूलनिवासी जमातीनं 2007 साली स्वतःच्या जमिनीवर सुरू केला आणि तो उद्यानाच्या हद्दीबाहेर आहे. ज्यांच्याकडे आठवडा असतो ते युटा राज्यातली झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटॉल रीफ, कॅन्यनलँड्स आणि आर्चेस ही पाच उद्यानं गाडीनं पालथी घालतात.

हा सगळा मुलूख कोलोरॅडो पठाराचा. युटा, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या चार राज्यांत पसरलेला, आपल्या महाराष्ट्राहून थोडा मोठाच. सह्याद्रीत पाय मुरलेल्या मराठी माणसाला तो पायी बघावासा वाटणं साहजिक आहे. म्हणून या लेखात एकच प्रश्न सगळ्या बाजूंनी तपासायचा आहे: या घळींमध्ये चालायचं तर कुठे, कधी, किती जणांनी आणि कोणाच्या जमिनीवरून? या चारही प्रश्नांची उत्तरं शोधताना मी दर वेळी पाण्यापाशी येऊन थांबलो.

एक कारागीर, चार हत्यारं

सह्याद्रीचा कातळ लाव्ह्याचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतत गेला आणि थिजला. कोलोरॅडो पठाराचे थर वेगळे आहेत. समुद्राच्या तळाचा चुना, नद्यांचा गाळ आणि वाळवंटातल्या टेकड्यांची वाळू एकमेकांवर साचून त्यांचा दगड झाला आहे. ग्रँड कॅन्यनच्या काठावरचा चुनखडक सुमारे 27 कोटी वर्षांचा, तर तळाशी नदीलगत दिसणारा काळपट रूपांतरित खडक 170 ते 180 कोटी वर्षांचा. या तळच्या खडकांची शास्त्रीय नावं विष्णू, ब्रह्मा आणि राम अशी आहेत. क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाचा या प्रदेशावरचा ग्रंथ 1882 साली निघाला. दरीतले सुळके पाहून त्याला पूर्वेकडच्या देवळांची आठवण झाली आणि दोन शिखरांना त्यानं विष्णू मंदिर, शिव मंदिर अशी नावं दिली. हजारो मैलांवरच्या नकाशात ती नावं आजही छापली जातात.

कोलोरॅडो नदीनं ही दरी कोरली ती गेल्या 50-60 लाख वर्षांत. लांबी 446 किलोमीटर, रुंदी कुठे कुठे 29 किलोमीटर, सर्वांत खोल जागी 1,800 मीटरहून अधिक. झायनमध्ये व्हर्जिन नदीनं हेच काम अरुंद पात्रात केलं. तिथले सहाशे मीटर उंचीचे कडे मुळात ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या होत. खडकावरच्या तिरक्या रेघांवरून तेव्हाचा वारा कुठून कुठे वाहत होता ते आजही वाचता येतं.

ब्राइसमध्ये नदी नाही. तिथे वर्षातले जवळपास निम्मे दिवस रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं. फटीत शिरलेलं पाणी बर्फ होताना फुगतं, दगड तडकतो आणि हजारो नारिंगी सुळके उभे राहतात. आर्चेसमध्ये जमिनीखाली जुन्या समुद्रानं सोडलेल्या मिठाचा जाड थर आहे. तो दबला, सरकला, पाण्यानं विरघळला, तशा वरच्या वालुकाश्माला समांतर भेगा पडल्या. भेगांमधल्या पातळ भिंती पोखरत गेल्या आणि दोन हजारांहून अधिक कमानी तयार झाल्या. नदी, बर्फ, मीठ विरघळवणारं पाणी आणि दगडात झिरपणारा ओलावा अशी चार हत्यारं, पण कारागीर एकच.

हे काम अजून चालू आहे. आर्चेसमधल्या 93 मीटर रुंदीच्या लँडस्केप आर्चच्या खालच्या बाजूनं 1991 साली एक मोठी शिळा निखळून पडली. 2008 साली वॉल आर्च नावाची कमान एका रात्रीत कोसळली. आणि या कारागिराच्या गावी आज पाणी किती? कॅन्यनलँड्स-आर्चेस परिसरात वर्षाला पंचवीस सेंटिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. महाबळेश्वरला आषाढातल्या एखाद्या जोरदार दिवसात पडतो तेवढा.

सहा उद्यानं, सहा तऱ्हांची चाल

ग्रँड कॅन्यन धरून ही सहा उद्यानं एकाच साच्यातली नाहीत. चालणाऱ्यानं आपली ऐपत आणि आवड बघून निवडावीत.

झायन पाण्यातून चालण्याचं उद्यान आहे. 'नॅरोज' या भागात व्हर्जिन नदीचं पात्र हीच वाट. दोन्ही बाजूंना तीनशे मीटरचे कडे, आणि मधली जागा कुठे कुठे सहा-सात मीटरवर येते. खालून वर जाऊन परत येणाऱ्यांना परवाना लागत नाही. वरून खाली 26 किलोमीटर उतरणाऱ्यांना लागतो. घोट्यापासून कमरेपर्यंत पाणी, तळाशी गुळगुळीत गोटे, हातात काठी. सांदण दरीत ज्यांनी अरुंद घळीचा गारवा अनुभवला आहे, त्यांना ही चाल ओळखीची वाटेल. फरक एवढाच की इथे नदी सतत सोबत असते. 2020 पासून या नदीत विषारी सायनोबॅक्टेरियाचे इशारे दिले जात आहेत, त्यामुळे त्या पाण्यानं साधी चूळही भरू नये.

ब्राइस समुद्रसपाटीपासून चोवीसशे मीटरच्या वर आहे. सुळक्यांमधून उतरून परत चढणारी पाचेक किलोमीटरची फेरी बऱ्याच ज्येष्ठांनाही जमते, मात्र विरळ हवेत धाप लवकर लागते. आर्चेसमधल्या वाटा छोट्या आहेत. डेलिकेट आर्चपर्यंत जाऊन येऊन पाच किलोमीटरही होत नाहीत, पण जवळपास सगळी चाल उघड्या कातळावरून, सावलीचा टिपूस नसलेली. कॅन्यनलँड्स 1964 साली उद्यान झालं. ग्रीन आणि कोलोरॅडो या नद्या तिथे एकमेकींना मिळतात आणि त्यांच्यामुळे उद्यानाचे तुकडे इतके वेगळे पडले आहेत की एका भागातून दुसऱ्यात जायला काही तास गाडी चालवावी लागते. एकांत हवा असेल त्यानं इथे यावं.

कॅपिटॉल रीफकडे या सगळ्यांत सर्वांत कमी लक्ष जातं, आणि माझ्या मते ते चुकतं. सुमारे 160 किलोमीटर लांबीची, जमिनीला पडलेली एक प्रचंड घडी हा या उद्यानाचा कणा. तिच्या कातळावर पावसाचं पाणी साठवणारे असंख्य खळगे आहेत, म्हणून तिचं नावच 'वॉटरपॉकेट फोल्ड'. आपल्या किल्ल्यांवर माणसांनी खोदलेली टाकी असतात. इथे ती निसर्गानं खोदली. घडीच्या कुशीत फ्रीमॉन्ट नदीकाठी मॉर्मन वसाहतकारांनी लावलेल्या फळबागा आहेत. उद्यान प्रशासन त्या आजही जपतं आणि हंगामात पाहुण्यांना जर्दाळू, पीच, सफरचंद तोडू देतं. नदीचा एक पट्टा मिळाला की वाळवंटात काय उगवतं, हे इतकं सोपं करून दुसरीकडे कुठे दिसत नाही.

उलटा डोंगर

राहिलं ग्रँड कॅन्यन. राजगड असो की कळसूबाई, आपला हिशेब ठरलेला असतो: ताज्या दमानं सकाळी चढायचं आणि थकल्या पायांनी उतरायचं. दरीत हा हिशेब उलटतो. दक्षिण काठ सुमारे 2,100 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही साडेचारशे मीटर उंच. सकाळच्या गारव्यात माणूस हसत-खेळत उतरतो, कारण उतरणं सोपं असतं. पण पुढच्या प्रत्येक पावलागणिक ऊन वाढतं. उन्हाळ्यात काठावर 28-29 अंश असतं तेव्हा तळाशी पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो. आणि मग, दिवसातल्या सर्वांत तापलेल्या वेळी, थकलेल्या पायांनी चढण सुरू होते. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा, असं रेंजर सांगतात.

दोन वाटा मुख्य आहेत. साउथ कायबॅब सुमारे 11 किलोमीटरची, धारेवरून जाणारी, आणि तिच्यावर पाणी अजिबात नाही. ब्राइट एंजल पंधरा किलोमीटरची, हवासुपाई गार्डन्स या हिरव्या टप्प्यावरून नदीवरच्या मुक्कामापर्यंत जाते. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येण्याचा प्रयत्न करू नका, अशा पाट्या जागोजाग आहेत. त्या भित्र्यांसाठी नाहीत. दर वर्षी दरीतून शेकडो जणांची सुटका करावी लागते आणि त्यांत धडधाकट तरुणही पुष्कळ असतात. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चालायचं नाही, सावलीत बसायचं, हा नियम विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही.

पाणी दिवसाला चारेक लिटर लागतं हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याची दुसरी बाजू मात्र कमी लोकांना माहीत असते. नुसतं पाणी पीत राहिलं आणि पोटात मीठ गेलं नाही, तर रक्तातलं सोडियम घसरतं. मळमळ, डोकेदुखी, भ्रम अशी लक्षणं दिसतात आणि ती उन्हाच्या त्रासासारखीच असल्यानं माणूस आणखी पाणी पितो. इथे आपला घरचा डबा कामाला येतो. खारे शेंगदाणे, चिवडा, लिंबाचं लोणचं आणि मीठ-साखरेचं पाणी सॅकमध्ये असावंच.

आणखी एक नियम फुकटचा आहे आणि तोच सर्वाधिक मोडला जातो: कुठे चाललो ते कोणाला तरी सांगून निघणं. एप्रिल 2003 मध्ये ॲरन राल्स्टन हा कसलेला गिर्यारोहक कॅन्यनलँड्सच्या बाहेरच्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये एकटा उतरला. एक दगड निसटला आणि त्याचा हात भिंतीत अडकला. तो कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून तो बाहेर पडला. त्याच्यावरच्या '127 अवर्स' या चित्रपटाला ए. आर. रहमान यांचं संगीत आहे, म्हणून आपल्याकडेही ही कथा अनेकांना माहीत आहे. पण तिच्यातून घ्यायचा धडा धैर्याचा नसून घरी ठेवलेल्या एका चिठ्ठीचा आहे.

लांबच्या ढगाचा लोंढा

वाळवंटात पाण्यावाचून माणसं मरतात तशीच पाण्यानंही मरतात. या प्रदेशात जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतच्या पावसाला 'मॉन्सून' हाच शब्द आहे. पण तो आपल्या झडीसारखा नसतो, वळवासारखा असतो. दुपारी ढग जमतात, तासभर कोसळतात आणि विरतात. उघडा कातळ पाणी मुरू देत नाही, त्यामुळे पडलेला थेंबन् थेंब ओढ्यात आणि ओढ्यातून घळीत धावतो. घळीत उभ्या असलेल्या माणसाला आकाशाची फक्त एक निळी पट्टी दिसत असते. ढग फुटलेला असतो काही कोसांवर.

12 ऑगस्ट 1997 रोजी ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये 11 पर्यटक असेच वाहून गेले. 14 सप्टेंबर 2015 रोजी झायनमधल्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण बुडाले. त्याच दिवशी जवळच्या हिल्डेल गावात पुरानं 13 जणांचे बळी घेतले. घाटमाथ्यावर पाऊस झाला की खाली कोरड्या उन्हात ओढा अचानक फुगतो, हे आपल्याकडे कोकणातल्या पोरालाही माहीत असतं. तेच शहाणपण इथे हवं: डोक्यावरचं आकाश पाहू नका, ओढा जिथून येतो तिथलं पाहा. झायनमध्ये नदीचा प्रवाह 150 क्युसेकच्या वर गेला की नॅरोज बंद होतं. धरणांच्या विसर्गाच्या बातम्यांत हजारो क्युसेक वाचणाऱ्या आपल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण सहा मीटर रुंदीच्या बोळात दीडशे क्युसेक माणसाचे पाय उचलायला पुरतात.

सोडत का हवी

2013 साली युटा राज्याच्या पर्यटन खात्यानं आपल्या पाच उद्यानांची एकत्रित जाहिरात मोहीम काढली आणि ती तुफान चालली. त्या वर्षी झायनला सुमारे 28 लाख भेटी नोंदल्या गेल्या. 2021 साली त्या 50 लाखांवर गेल्या, त्याही मुख्यतः दहा-अकरा किलोमीटर लांबीच्या एका दरीत. झायननं 2000 सालापासून हंगामात या दरीत खासगी गाड्या बंद करून बस सुरू केली होती. तेही पुरेना. एंजल्स लँडिंग या सुळक्यावरची शेवटची वाट साखळी धरून अरुंद धारेवरून जाते, तिथे तासन् तास रांगा लागू लागल्या. 1 एप्रिल 2022 पासून तिथे सोडतीनं परवाने दिले जातात. त्याच महिन्यात आर्चेसनंही वेळ ठरवून प्रवेश देण्याचा प्रयोग सुरू केला. 2026 पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या 16 वर्षांवरच्या पाहुण्यांना झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यनसह 11 उद्यानांत नेहमीच्या शुल्काशिवाय माणशी 100 डॉलर जादा द्यावे लागतात.

पैशाचा अडसर मला पटत नाही. इथली जमीन कोणाला दिसावी हे पाकिटावर ठरू नये. पण सोडत, बस आणि वेळेची चिठ्ठी हे उपाय मला योग्य वाटतात. सोडतीत गरीब-श्रीमंत सारखेच. हरिहरच्या कातळपायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी होणारी चेंगराचेंगर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना साखळीच्या वाटेवर मोजकीच माणसं का हवीत हे सांगायला नको.

गर्दीचा घाव पायाखालीही बसतो. या वाळवंटात झुडपांच्या मधल्या मातीवर काळपट, खडबडीत साय असते. ती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफूल यांचे धागे वाळूचे कण बांधून ठेवतात, पाणी धरतात, वाऱ्यानं माती उडू देत नाहीत. एका बुटाच्या ठशानं ती मोडते आणि पूर्ववत व्हायला वर्षं, कधी दशकं लागतात. म्हणून फोटोसाठी वाट सोडायची नाही. कातळावरून किंवा ओढ्याच्या कोरड्या पात्रातून चालायचं.

जमीन कोणाची, पाणी कोणाचं

या उद्यानांना निर्मनुष्य रान म्हणण्याची जुनी सवय चुकीची आहे. कॅन्यनलँड्सच्या हॉर्सशू कॅन्यनमधली माणसाएवढी रंगचित्रं, कॅपिटॉल रीफच्या कड्यांवरची फ्रीमॉन्ट लोकांची कोरीव चित्रं आणि कपारींतली पुएब्लो पूर्वजांची धान्याची कोठारं वेगळंच सांगतात. झायनला 1909 साली संरक्षण मिळालं ते 'मुकुंतुवीप' या पायूट नावानं. दहा वर्षांनी ते राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा ते नाव पुसलं गेलं होतं.

सर्वांत बोलकी हकिगत हवासुपाई लोकांची आहे. त्यांच्या नावाचा अर्थच निळ्या-हिरव्या पाण्याचे लोक. उन्हाळ्यात दरीत शेती आणि हिवाळ्यात पठारावर शिकार, अशी त्यांची वहिवाट होती. 1882 साली सरकारनं त्यांना दरीच्या तळाशी 518 एकरांत कोंबलं. 1919 साली ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झालं आणि ब्राइट एंजल वाटेवरच्या त्यांच्या बागांतून शेवटच्या रहिवाशाला 1928 साली घालवून देण्यात आलं. दीर्घ लढ्यानंतर 1975 च्या कायद्यानं जमातीला सुमारे 1,85,000 एकर परत मिळाले. त्या बागांच्या जागेला मात्र 'इंडियन गार्डन' हेच नाव चिकटून राहिलं. नोव्हेंबर 2022 मध्ये ते बदलून हवासुपाई गार्डन्स झालं. त्यांच्या सुपाई गावाला आजही मोटाररस्ता नाही. टपाल खेचरांवरून येतं, आणि धबधबे पाहायला जाणाऱ्याला जमातीचा परवाना लागतो. अँटिलोप कॅन्यन नवाहो लोकांचं, तिथेही वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. या अटी पाळताना कुरकुर करू नये. यजमान घरी असताना दार वाजवूनच आत जायचं असतं.

पाण्यावरचा हक्क याहून गुंतागुंतीचा आहे. कोलोरॅडो नदीवर अमेरिकेतली सात राज्यं आणि मेक्सिको मिळून सुमारे चार कोटी माणसं अवलंबून आहेत. 1922 च्या कराराची वाटणी ओल्या वर्षांच्या नोंदींवर बेतलेली होती, म्हणजे नदीत नसलेलं पाणीही वाटलं गेलं. 1963 साली ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे मिटले आणि वरच्या अंगाची शेकडो घळींची दुनिया बुडाली. खालच्या ग्रँड कॅन्यनमध्ये पूर्वीचं गढूळ, कोमट पाणी जाऊन थंड, नितळ पाणी वाहू लागलं. गाळ धरणामागे अडला आणि काठच्या वाळूच्या पुळणी झिजू लागल्या. 2023 च्या सुरुवातीला जलाशय पाव भरण्याइतकाही उरला नव्हता, तेव्हा बुडालेल्या काही घळी पुन्हा उघड्या पडल्या.

मग जायचं कसं

माझा सल्ला: सहा उद्यानांच्या यादीतली चार खोडा. दोन निवडा आणि प्रत्येकाला तीन-चार दिवस द्या. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ चांगला. पहिला दिवस छोट्या वाटेचा, अंग आणि श्वास जुळवून घेण्याचा. ग्रँड कॅन्यनमध्ये मुक्कामाचा परवाना नसेल तर तळ गाठायचा हट्ट नको. दीड-दोन तास उतरून मागे फिरलं, तरी काही कोटी वर्षांचे थर चालून होतात. आणि निघायच्या सकाळी रेंजरला दोनच गोष्टी विचारा: वरच्या अंगाला पाऊस आहे का, आणि वाटेवरच्या कोणत्या नळाला आज पाणी आहे?

दुसरा प्रश्न वरवरचा नाही. दक्षिण काठावरचं प्यायचं पाणी दरीपलीकडच्या रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यातून येतं. 1960 च्या दशकात घातलेली वीस किलोमीटरची नळवाहिनी ते दरीच्या तळातून, नदी ओलांडून आणते. 2010 पासून ती 85 हून अधिक वेळा मोठ्या प्रमाणात फुटली आहे. काठावरच्या हॉटेलातला चहासुद्धा त्या एका नळीवर अवलंबून असतो.

ब्राइट एंजलवरून सातेक किलोमीटर उतरलं की हवासुपाई गार्डन्समधली कॉटनवुडची झाडं दिसू लागतात. ओढ्याचा आवाज येतो. तिथल्या नळाखाली रिकामी बाटली धरावी. तिच्यात पलीकडच्या कड्यातून झिरपलेलं पाणी पडत असतं, ज्यांच्या शेतांना या ओढ्यानं पिढ्यान् पिढ्या पाणी पुरवलं त्या लोकांच्या जागेवर. बाटली भरून घ्यावी, खारे दाणे खावेत, चार वाजेपर्यंत सावलीत बसावं आणि मग सावकाश चढायला लागावं.